जिनिंगच्या सायकलचं मागचं गियर

मी सुखदेव. पण बोरी अरबले सुखदेव म्हणून इचाराल तं कोणी घर दाखवणार नाही, मिस्तरी म्हणा, शेंबडं पोरगंबी हात धरून आणून सोडन. माहा बाप पह्यले गावकीचं काम करे, मेलेलं ढोर ओढून नेणं अन् काय काय, मंग नागपूरले जाऊन दीक्षा घेऊन आला अन् दुसऱ्याच दिवशी म्हणे आजपासून ढोर ओढणं बंद. बंद तं बंद, पण खाचं काय? दारव्ह्याले एक सायकलवाले चाचा होते, त्यायच्या दुकानात जाऊन बसला, म्हणे कामाले ठेवा, अन् चाचानं ठेवलं बिचाऱ्यानं. तथी तो पंचर शिकला, वाकडं रिम सिधं कराले शिकला, अन् चार-पाच वर्सानं इथं बाजाराच्या रस्त्यावर लिंबाखाली खोकं टाकलं. तेच खोकं हे, ताई, तुमी बसल्या तेच. टिना दोनदा बदलल्या, बाकी तेच.

बापानं मले शिकवलं का कोणतीबी सायकल आली तं पह्यले उलटी कर, शीट अन् हॅंडल जमिनीवर, चाकं आभाळाकडं, मंग पायडल फिरव अन् कान देऊन आयक, सायकल सोताच सांगते काय दुखते ते. अन् दुसरं सांगे, दुरुस्त नाही झाली तं तसं म्हण, त्यात लाज नाही, पण एकदा दुरुस्त केली म्हणून देली अन् तीच सायकल तेच दुखणं घेऊन वापस आली तं ते मिस्तऱ्याच्या थोबाडात बसते. हे मी पाठ करून ठेवलं. चूप बसणं मात्र नाही शिकवलं त्यानं. माह्या तोंडात तीळ भिजत नाही, हे सारं गाव जाणते. दुकानच तसं आहे नं, माणूस येते, चाक फिरते, तोंड चालते. कोणाच्या पोरीले पाहाले पाहुणे आले, कोणाची म्हैस विकली, सगळं माह्या लिंबाखालून जाये. लोक हासत, मिस्तऱ्याले सांगतलं म्हणजे दवंडी देली म्हणत. मलेबी बरं वाटे, खोटं कायले बोलू.

माही बायको कौसल्या जिनिंगमधी कामाले होती. आमच्या रस्त्यावरच होती एक जिनिंग, कापसातली सरकी काढाची मिल, नाव नका इचारू, आता तथी काही नाही, नुसत्या भिंती आहे. तवा ते कापसाचे खराब वर्सं चालू होते, तुमी पेपरात वाचलंच असन, ते मी काय सांगू. कापसाच्या गाड्या कमी झाल्या, मशिनी अर्धा दिवस बंद राहे. तरी बायांचं काम चालू होतं, कापसातली कवडी, म्हणजे किडका कापूस, येचणं, पिवळा बोंड बाजूले काढणं, पालापाचोळा झाडणं, दिवसभर नाकाले पदर लावून. कौसल्या अकरा वर्सं मस्टरवर, हजेरीच्या वहीत, होती. पंचवीस बाया होत्या अशा, आजूबाजूच्या कोलामायच्या पोडावरच्या, बंजाऱ्यायच्या तांड्यावरच्या, दोन-चार बोरीच्या. मस्टरवर नाव म्हणजे कायले म्हणता, इज्जत होती. पाऊस येवो का ऊन, डोक्यावर टिन होतं, शनवारी पगार होता.

अन् तथीच हरसिंग शिपाई होता. तांड्यावरचा माणूस, उंच, थोडकं बोले, गुडघा दुखे त्याचा. बाप्पा, आमची दोस्ती म्हणजे उलटीच, मी बोले अन् तो आयके. एक दिवस तो माह्या दुकानात जी सायकल घेऊन आला नं, मी पाह्यतच राह्यलो. जाड टायर, सिधं हॅंडल, मांगच्या चाकाले एक नाही दोन नाही सहा चकत्या, लहानापासून मोठ्यालोक एकावर एक, अन् खाली दोन चिमुकल्या चाकायचं एक लोखंडी यंत्र लोंबत होतं, चेन त्याच्यातून नागमोडी जाये. हॅंडलवर खटका. खटका दाबला का तार ओढल्या जाते, ते लोंबतं यंत्र सरकते अन् चेनीले एका चकतीवरून दुसरीवर नेते. सायकल जुनीच होती, मॅनेजर साहेबाच्या पोराची, पोरगं पुण्याले शिकाले गेलतं, तवापासून बंगल्यात धूळ खात पडली होती. साहेबानं हरसिंगले देली, म्हणे तुह्या गुडघ्याचं कारण नको सांगू आता, हे गियरची आहे, चढावर हलकी चालते.

कायले देली, ते आयका. साहेबाले पंचवीस बाया कमी कराच्या होत्या. कागद छापून आले होते, का तुमचं काम बंद, अमुक तारखेपासून येऊ नये, खाली सही नाहीतं आंगठा. आता ते गेटवरच वाटता आले असते, पण साहेब हुशार, गेटवर पंचवीस बाया एका जागी असल्या का बोंबलतील, गेट धरून बसतील, म्हणून एकेकीच्या घरी जाऊन, एकटीले गाठून, आंगठा घेऊन ये म्हणे. जवालोक कागद हातात पडत नाही अन् सही होत नाही तवालोक मस्टरवरचं नाव कटत नव्हतं. अन् या सगळ्या पोडायचे अन् तांड्यायचे रस्ते एका हरसिंगलेच माहीत, अन् त्यायच्या बोलीत समजून सांगणाराबी तोच. हे सगळं मले मंग समजलं, ताई. तवा मले इतकंच माहीत होतं का हरसिंगले जिनिंगची टपाल वाटाची आहे अन् त्याले गियरची सायकल भेटली.

पह्यल्या दिवशी तो तीन कागद वाटून आला. दुसऱ्या दिवशी सायकल लोटत माह्या दुकानात. म्हणे मिस्तरी, चढावर गियर लागत नाही, कडकड करते अन् चेन खालच्या चकतीवर येऊन पडते. मी म्हटलं आण, केली उलटी. आता अशी सायकल मी जिंदगीत पह्यल्यांदा हातात घेतलेली, पण लिंबाखाली चार लोकं जमा झालेले, त्यायच्यासमोर मिस्तरी म्हणून मले येत नाही कसं म्हणू? घासलेटनं सगळं धुतलं, चेन पुसली, तेल देलं. नाही. मंग पाह्यलं, तार जिथं त्या यंत्रात शिरते तथी एक गोल गुंडी आहे, बोटानं फिरते, ती फिरवली का तार जराशी ताणल्या जाते नाहीतं ढिली होते. मी फिरवली, आखीनच बिघडली. आर्धा दिवस गेला तवा डोक्यात उजेड पडला का सायकल उलटी आहे, म्हणजे माहं डावं-उजवं उलटं झालं, मी कसून राह्यलो म्हणतो अन् ते ढिलं होऊन राह्यलं. बापाची शिकवण अन् तिथंच चुकलो मी. मंग सायकल सिधी केली, लिंबाच्या फांदीले दोर बांधून शीट वरते टांगली, चाक हवेत, अन् एका हातानं पायडल, एका हातानं गुंडी. अर्ध्या फेऱ्यानं आवाज गेला. सहाच्या सहा चकत्या, टिक टिक टिक. लोकायनं मान डोलावली. माही छाती अशी झाली.

चार दिवसानं वापस. तेच दुखणं.

थोबाडात बसल्यासारखंच झालं मले. मी म्हटलं तार जुनी आहे, ताणली असन, नवी टाकली. आठ दिवसानं वापस. म्हटलं तारेच्या वरचं नळकांडं मुडपलं असन, तार आत अडकत असन, तेबी बदललं. वापस. मंग पाह्यलं तं ज्या लोखंडी कानाले ते यंत्र लटकते तो कान मले जरासा आत दबलेला दिसला, म्हटलं सायकल या बाजूनं पडली असन कधी, तो पान्यात धरून सिधा केला, श्वास रोखून, कारण तुटला तं गेलं. चेनीची एक कडी आखडली होती, ती मोकळी केली. यंत्राच्या मांगं दोन बारीक स्क्रू होते, एक चेनीले बाहेर उडू देत नाही, एक आत आऱ्यात घुसू देत नाही, तेबी लावून पाह्यले. सरकीचं पोतं दांड्यावर ठेवलं अन् मी सोता बसून पुलापाशीचा चढ तीनदा चढून आलो, का वजनावर बिघडत असन. झकास चाले. हरसिंग घेऊन जाये अन् आठवड्यात वापस. म्हणे मिस्तरी, पुन्हा तेच. त्याचं तोंड इतकं गरीब का मले त्याचीच कीव ये.

दोन महिने असे गेले, ताई. मी झोपेत गियर पाहो. जेवताना बायकोले सांगो, आज हे केलं, उद्या ते करून पाह्यतो. ती भाकर वाढे अन् म्हणे जाऊ द्या नं, जुनी सायकल आहे, नाही होत एखादी. मी चिडो. तुले काय समजते म्हणो. तिकडं हरसिंग साहेबाले सांगे का बोरीच्या मिस्तऱ्याच्या हातानं होत नाही, अन् साहेबानं जिनिंगच्या हातगाड्यायचे चाकं माह्याकडं पाठवणं बंद केलं. बाजारात लोकं इचारत, काहून मिस्तरी, जमलं का नाही गियर? एकानं तं त्याची साधी सायकल माह्या डोळ्यासमोरून दुसऱ्याकडं नेली. आता माह्यापाशी दुसरं काय होतं? शेत नाही, शिक्षण नाही, बापाचं खोकं अन् या हातायचं नाव. ते नाव जाऊन राह्यलं होतं.

मंग मी एक काम केलं. त्या गोल गुंडीवर अन् तिच्या बाजूच्या लोखंडावर पांढऱ्या पेंटची एक बारीक रेघ ओढली, आरपार, सायकलवर नाव लिहाचा पेंट असते नं तो. कोणाले सांगतलं नाही, हरसिंगलेबी नाही. जिंदगीत एक गोष्ट मी चूप राहून केली, अन् तीच नडली पाहा. पाच दिवसानं सायकल आली, मी वाकून पाह्यलं अन् माह्या हातचा पानाच पडला. लोखंडावरची रेघ इकडं, गुंडीवरची रेघ तिकडं. गुंडी आपोआप इतकी फिरत नाही. कोणाचं तरी बोट लागलं होतं. दोन महिने मी ज्या बिघाडाच्या मांगं लागलो तो बिघाडच नव्हता, कोणीतरी माणूस होता.

मले वाटलं गेटवरचे टवाळ पोट्टे. हरसिंगवर शंका कायले येईन, सायकल त्याची, त्रास त्याले. मी गुंडी बराबर लावली अन् नळाच्या पायपाले लावतेत नं तो मसाला, वाळल्यावर गोटा होते तो, तो थापला तिच्यावर. हरसिंग पाह्यत होता. हळूच म्हणे, मिस्तरी, राहू दे नं, कायले इतकं. आखीन दोन महिने चालू दे असंच, हंगाम सरन मंग पाहू. मी हासलो. म्हटलं लेका, हंगामाचा अन् गियरचा काय संबंध? तो मसाल्याकडं पाह्यत बसला.

अन् मी काय केलं, आयका. मसाला वाळला तशी मी सोता त्या सायकलवर बसून जिनिंगमधी गेलो, सिधा हापिसात. म्हटलं साहेब, बाहेर या. वजनकाट्याचा चढ होता तथी, गाड्या जाचा, त्याच्यावरून साहेबाच्या डोळ्यासमोर सायकल चढवली, उतरवली, सहाही गियर टाकून दाखवले. हमाल पाह्यत होते, बाया दरवाज्यात येऊन उभ्या राह्यल्या, नाकावरचा पदर काढून. कौसल्याबी होती त्यायच्यात. मले वाटलं बायको पाह्यून राह्यली, बरं झालं. अन् मंग मी साहेबाले मोठ्यानं म्हटलं, साहेब, माह्या हातात खोट नाही, ही गुंडी कोणीतरी मुद्दाम ढिली करत होतं, हे पाहा माह्या रेघेचं निशाण. आता बिघडली तं मिस्तऱ्याले नका इचारू, ज्याच्या ताब्यात सायकल आहे त्याले इचारा.

साहेबानं निशाण पाह्यलं. मंग गेटपाशी येऊन उभ्या राह्यलेल्या हरसिंगकडं पाह्यलं. लय वेळ पाह्यलं. म्हणे, हरसिंग, उद्या सकाळी निघायचं. तीन दिवसात सगळं झालं पाहिजे.

मी घरी आलो तं खुशीत. कौसल्या आली, जेवण वाढलं अन् सोता न जेवता भांडे घासाले बसली. मी म्हटलं तब्येत बरी नाही काय? म्हणे बरी आहे.

तीन दिवसानं जिनिंगची सुट्टी होती. दुपारी मी घरी जेवाले आलो तं दारापाशी ती सायकल उभी. मी म्हटलं अरे हरसिंग, कशी चालते मंग? म्हणे लोण्यावानी चालते, मिस्तरी. अन् बॅगमधून कागद काढला. मले वाटलं माह्यासाठी आहे, हातगाड्यायचं काम वापस भेटलं असन. मी हात समोर केला. त्यानं माह्या हातात नाही देला. माह्या बाजूनं हात लांबवून कौसल्याले देला. तिनं वाचलाबी नाही. पेन मांगला, भिंतीवर कागद ठेवला अन् सही केली, ती सही कराले प्रौढ वर्गात शिकली होती, एकेक अक्षर काढे. मंग त्याले म्हणे भाऊ, बसा, चहा ठेवते.

मी इचारून राह्यलो काय आहे, काय आहे. कोणी सांगे ना. मंग हरसिंगच बोलला, खाली पाह्यत. म्हणे, मिस्तरी, पह्यल्या दिवशी तीन कागद देले. तिसरी आमच्याच तांड्यावरची, माह्या चुलत घरची सून, तिनं आंगठा देला अन् मले इचारलं, भाऊ, आता मी सकाळी उठून कुठं जाऊ? मले नाही सहन झालं. नाही म्हणता येत नव्हतं, नाही म्हटलं तं साहेब दुसरा पाह्यन. सायकल बिघडली म्हणता येत होतं. म्हणून मी वाटेत उतरून गुंडी फिरवो. बावीस बायायचे दोन महिने निघाले. दोन आखीन निघाले असते तं हंगाम भरला असता, तवालोक पगार भेटला असता त्यायले.

ताई, मी तथीच भिंतीले टेकलो. कानात नुसती ती चेन वाजून राह्यली, टिक टिक टिक. मी म्हटलं हरसिंग, तू मले काहून नाही सांगतलं रे? मी दोन वर्सं ते गियर दुरुस्त होऊ देलं नसतं. त्यानं कौसल्याकडं पाह्यलं. तवा मले समजलं. मी तिच्याकडं पाह्यलं, म्हटलं तुले माहीत होतं? ती चुलीपाशी होती, पाठ माह्याकडं. म्हणे बावीसच्या बावीस जणींले माहीत होतं. मी म्हटलं अन् मी? मी तुहा नवरा, रोज रात्री ताटावर बसून डोस्कं फोडत होतो. ती फिरली अन् म्हणे, तुमाले सांगतलं असतं तं तुमच्यानं राहवलं असतं काय? बाजाराच्या दिवसालोक साहेबाच्या कानावर गेलं असतं. रागानं नाही म्हटलं तिनं. चहात साखर किती टाकू असं इचारावं तसं म्हटलं.

अन् खरं होतं ते. तेच तं लागलं मले. 

मंग काय, कौसल्या निंदणाले जाऊ लागली, लोकायच्या वावरात, उन्हातान्हात, पाठ वाकवून. दोन हंगामात काळी पडली. एकदाबी तिनं मले टोमणा नाही मारला, मारला असता तं बरं झालं असतं. माह्याकडं सायकली मात्र वापस आल्या, हातगाड्यायचे चाकंबी आले, मिस्तऱ्यानं गियर सुधरवलं म्हणून गवगवा झाला. त्याच बावीसातली पोडावरची एक बाई पंचर घेऊन आली, म्हणे मिस्तरी, तुमचं काम पक्कं आहे बाप्पा. ती खरंच म्हणत होती का टोमणा मारत होती, आजलोक समजलं नाही. मी पैसे घेतले नाही तं तिनं खोक्यावर ठेवून देले अन् गेली. हरसिंगले साहेबानं वर्सभर ठेवलं, मंग जिनिंगच बंद पडली. तो तांड्यावर गेला, माह्या दुकानावरून जाये पण थांबे नाही. राम राम करे, बस.

आता बाजारात पाहा, पोट्ट्यायच्या सगळ्या सायकली गियरच्या, मी पाच मिनिटात लावतो. कौसल्या थकली, घरीच राहते, नातीले सांभाळते. घरात काही ठरलं का मले सगळ्यात शेवटी समजते. पोरीचं लग्न जुळलं तेबी मले पेढा हातात आला तवा समजलं. 

पण चार वर्सं झाले, एक दिवस हरसिंग आला. म्हातारा झालता, पोरानं गाडीवर आणलं. पोराले म्हणे जा चहा सांग, अन् तो गेला तशी माह्याजवळ सरकून बसला अन् एक गोष्ट सांगतली मले. घरची, त्याच्या आतली, कोणालेच माहीत नाही अशी. म्हणे मिस्तरी, मनात ठेवून मराचं नाही मले, अन् सांगावं असं दुसरं कोणी नाही. कोणाले बोलू नको. मी म्हटलं हरसिंग, तू मले सांगून राह्यला? सुखदेव मिस्तऱ्याले? म्हणे हो, तुलेच.

दोन महिन्यानं हरसिंग वारला. कौसल्या लय खेपा इचारते, काय सांगे हो हरसिंगभाऊ, अन् मी म्हणतो गुडघ्याचं सांगे. तिले समजते मी खोटं बोलतो. ती नुसती पाह्यते माह्याकडं, अन् तवा मले वाटते का आता तिले जरा भरोसा आला असन. तुमी बाकी सगळं लिवा, ताई, माहं नाव बी लिवा, हरसिंगनं सांगतलं ते मात्र नका इचारू. त्याची सून बाजाराच्या दिवशी इथूनच जाते, थांबते, राम राम मिस्तरीबावा म्हणते, अन् ते अगदी ओठालोक येते माह्या. मी म्हणतो सुखी राय बाई, लेकरं सुखी राहो तुहे, अन् पाना घेऊन चाकाखाली वाकतो.